ठोका न चुकणारं काळीज

आपल्या मराठी भाषेनं काळजाला फार कामं लावली आहेत. वाईट बातमी आली की काळजात धस्स होतं. अंधारात अचानक कुणी समोर उभं राहिलं की काळजाचा ठोका चुकतो. मुलांचा निकाल लागायच्या दिवशी आईबापांच्या छातीत धडधडतं. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर हा शब्दच जरा गोंधळलेला आहे. खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली तर तो यकृत तोलून देतो, हृदय नाही. पण कवी आणि आया या गोंधळाकडे लक्ष देत नाहीत. आत काहीतरी आहे आणि ते आपल्या मनाबरोबर चाल बदलतं, एवढं त्यांना पक्कं माहीत असतं.

आज मला या चाल बदलण्याविषयीच बोलायचं आहे. एका आजारात हृदयाचं हे चाल बदलणं हळूहळू थांबतं. काळजाचा ठोका चुकेनासा होतो. ऐकायला बरं वाटतं, पण ते बरं नसतं. वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या काही माणसांमध्ये हृदयाकडे जाणारे चेतातंतू झिजत जातात, त्याची ही गोष्ट आहे. मी डॉक्टर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे; आणि गेली सोळा वर्षं सकाळी नाश्त्याआधी शुगरची गोळी घेणाराही आहे. त्यामुळे हा इतिहास मी थोडा कुतूहलानं आणि थोडा गरजेनं वाचला.

सुरुवात नाडीपासून करू या. आपल्याकडच्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीचं वर्णन प्राण्यांच्या चालीवरून केलेलं आहे. वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी, कफाची हंस किंवा पारव्यासारखी. युनानी हकिमांकडेही असंच आहे. बुखाऱ्याजवळ जन्मलेला आणि १०३७ मध्ये वारलेला इब्न सिना हा या हकिमांचा गुरू. त्याच्या ‘कानून’ या ग्रंथात नाडीवर स्वतंत्र विवेचन आहे. हरणाच्या उडीसारखी नाडी, लाटेसारखी नाडी, मुंगीच्या चालीसारखी नाडी, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत गेलेली नाडी. हे सगळे शब्द चालीचे आहेत, आकड्याचे नाहीत. मिनिटाला किती ठोके पडतात यापेक्षा एका ठोक्यानंतर दुसरा कसा येतो, याकडे या मंडळींचं लक्ष होतं.

याच इब्न सिनाची एक गोष्ट बाराव्या शतकातल्या ‘चहार मकाला’ या फारसी ग्रंथात सांगितली आहे. राजघराण्यातला एक तरुण अंथरुणाला खिळला होता आणि कुणालाच निदान होत नव्हतं. इब्न सिनानं त्याचं मनगट धरलं आणि शहराची माहिती असलेल्या एका माणसाला मोहल्ल्यांची नावं घ्यायला सांगितली. एका मोहल्ल्याच्या नावाला नाडी उसळली. मग त्या मोहल्ल्यातल्या गल्ल्या, मग घरं, मग घरातली माणसं. शेवटी एका मुलीचं नाव आलं आणि रोग सापडला. मौलाना रूमींच्या ‘मसनवी’च्या आरंभी अशीच कथा आहे, तिथे बांदीची नाडी ‘समरकंद’ या नावाला उसळते. त्याच्याही आधी ग्रीक वैद्य गॅलन, ज्याला आपले हकीम जालिनूस म्हणतात, त्यानं रोममधल्या एका स्त्रीबद्दल असंच लिहून ठेवलं आहे. एका नर्तकाचं नाव निघताच तिची नाडी बिघडली होती.

या प्रेमकथा म्हणून आपण ऐकतो आणि सोडून देतो. पण त्यांत वैद्यकाचं एक मोठं निरीक्षण दडलेलं आहे. निरोगी हृदय एकसारखं चालत नाही. ते ऐकतं, घाबरतं, सावरतं आणि त्याप्रमाणे पाऊल टाकतं.

पुढे घड्याळ आलं. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानं १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारं खास घड्याळ वापरून ग्रंथ लिहिला. तेव्हापासून नाडीचा आकडा झाला. हा फार मोठा फायदा होता, यात शंका नाही. पण एक गोष्ट हातातून निसटली. मिनिटाला ७२ ठोके म्हटलं की ती सरासरी होते. ते ७२ ठोके शिस्तीच्या पलटणीसारखे सारख्या अंतरानं पडले, की बाजारातून चालणाऱ्या माणसासारखे कधी भरभर, कधी रमतगमत, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते पुन्हा कळायला बराच काळ जावा लागला.

आता मधुमेहाकडे वळू. चरकसंहितेत लघवीकडे मुंग्या धावतात ही खूण नोंदवलेली आहे, ती बहुतेकांनी ऐकलेली असते. त्याच ग्रंथात प्रमेहाच्या पूर्वलक्षणांमध्ये हातापायांना बधिरपणा येणं आणि आग होणं हेही सांगितलेलं आहे, याची चर्चा मात्र कमी होते. साखरेचा आणि संवेदनेचा काहीतरी संबंध आहे, हे आपल्या जुन्या वैद्यांच्या नजरेस आलं होतं.

युरोपात सतराव्या शतकात ऑक्सफर्डला थॉमस विलिस नावाचा वैद्य होऊन गेला. मधुमेह्याची लघवी मधासारखी गोड लागते, असं त्यानं १६७४ मध्ये लिहिलं. याच विलिसनं दहा वर्षं आधी, १६६४ मध्ये, मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला होता. मेंदूच्या तळातून निघून मानेतून खाली उतरणाऱ्या, हृदय, फुप्फुसं, जठर अशी सगळ्यांची विचारपूस करत जाणाऱ्या चेतातंतूच्या जोडीचं वर्णन त्यात होतं. लॅटिनमध्ये तिला ‘व्हेगस’ म्हणतात. त्याचा अर्थ भटका, फिरस्ता. मला हा फकिरासारखा वाटतो, दारोदार फिरणारा. एकाच माणसानं गोड लघवीही पाहिली आणि हा फिरस्ता चेतातंतूही पाहिला. या दोन गोष्टी एकमेकांशी जोडल्या जायला मात्र आणखी सुमारे तीनशे वर्षं लागली.

हा फिरस्ता करतो तरी काय? १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवून दिलं की व्हेगसला विजेचा धक्का दिला की हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. तोपर्यंत चेतातंतू म्हणजे चालना देणारी तार, अशीच समजूत होती. इथे ब्रेक लावणारी तार सापडली. दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, जर्मनीतल्या कार्ल लुडविगनं फिरत्या कागदावर नाडीची रेघ उमटवली. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ येतात आणि सोडताना लांब जातात, हे त्या रेघेवर दिसलं. श्वास घेताना व्हेगसचा ब्रेक सैल होतो, सोडताना पुन्हा दाबला जातो. वाचता वाचता आपणही मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेऊन पाहा. विशेषतः तरुण माणसाच्या नाडीत हा फरक बोटांना कळतो.

हा ब्रेक लागतो कसा, याचा उलगडा ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ऑटो लोएवीनं केला. त्याला प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. रात्री उठून त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पडलं, तेव्हा तो झोपला नाही, थेट प्रयोगशाळेत गेला. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित करून त्याभोवतीचं द्रव त्यानं दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसऱ्या हृदयाला कुणी हात लावलेला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे चेतातंतू हृदयाला रसायनातून निरोप देतो. हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९३६ मध्ये लोएवीला सर हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ब्रेक लावणाऱ्या या व्यवस्थेला आपल्या पाठ्यपुस्तकांत परानुकंपी आणि वेग वाढवणाऱ्या व्यवस्थेला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. शब्द जड आहेत, पण त्यांत अनुकंपा आहे, हे मला आवडतं. दोन्ही मिळून आपल्या नकळत, आपल्याला न विचारता, हृदय सांभाळत असतात. आपण अंथरुणातून उठतो तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं. त्या क्षणी हृदयाचा वेग वाढवून आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून मेंदूला रक्त पुरवत ठेवण्याचं काम हीच व्यवस्था करते.

ज्या १९२१ मध्ये लोएवीचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचलं गेलं. मधुमेही माणसं वाचू लागली, वर्षानुवर्षं जगू लागली. पुढे १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात शरीर इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतं, दुसऱ्यात देत नाही. हा दुसरा म्हणजे आपल्या घराघरांतला, उतारवयाकडे झुकताना येणारा, आजचा टाइप टू.

आयुष्य वाढलं तशी रोगाची दुसरी बाजू दिसू लागली. मधुमेहामुळे चेतातंतू बिघडतात, असं फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्वी यांनी १८६४ मध्येच मांडलं होतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या वेन रंडल्स यांनी असे १२५ रुग्ण तपासून सविस्तर लेख लिहिला. पायांच्या बधिरपणाबरोबरच घाम, आतडी, मूत्राशय, रक्तदाब अशा न दिसणाऱ्या कारभारावर होणारे परिणाम त्यात आले. कारण साधं आहे. रक्तातली वाढलेली साखर चेतातंतूच्या आत रासायनिक बिघाड करते आणि त्याला पोसणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्याही खराब करते. जो तंतू जितका लांब, तितका तो लवकर सापडतो. म्हणून आधी पायांची बोटं बधिर होतात. आणि आतल्या कारभारात सगळ्यांत लांबचा प्रवास आपल्या त्या फिरस्त्याचा, व्हेगसचा असतो. त्यामुळे बहुधा तोच आधी थकतो. ब्रेक निकामी झाला की हृदय विश्रांतीतही वेगानं धावतं. मिनिटाला ९०, १०० किंवा त्याहून जास्त. पुढे वेग वाढवणारे तंतूही झिजले, की ते जवळपास एकाच चालीवर अडकून राहतं. झोपा, उठा, घाबरा, हसा, त्याला फारसा फरक पडत नाही.

इथे मला आमच्या थोरल्या चाचांविषयी सांगितलं पाहिजे. तालुक्याच्या गावी त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. मधुमेह पंचवीस वर्षांचा. शेवटच्या काही वर्षांत नमाजमध्ये सजद्यातून उभं राहताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. ते भिंतीकडेची जागा धरून उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, “कुछ नहीं रे बेटा, उमर हुई.” नाडी कायम जलद. दुकानात येणारे एक कंपाउंडर मनगट धरून कौतुकानं म्हणाले होते, “चाचा, तुमच्या नाडीवर घड्याळ लावून घ्यावं. किती एकसारखी चालते!” सगळे हसले होते. मीही तिथेच होतो.

१९९६ च्या उन्हाळ्यात एका सकाळी चाचांना दरदरून घाम फुटला, उलटी झाली, दम लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “छातीत दुखतंय का?” चाचा म्हणाले, “नाही साहेब, जरासुद्धा नाही.” पित्ताची गोळी मिळाली. तीन दिवसांनी दम कमी होईना म्हणून दुसरीकडे नेलं, तेव्हा ईसीजीच्या पट्टीवर दिसलं की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आहे. चाचांना ते खोटंच वाटत होतं. दुखलं नाही तर झटका कसला? त्याच वर्षीच्या थंडीत ते रात्री झोपले ते उठले नाहीत.

त्या पहिल्या डॉक्टरांना मी मनातून दोष देत नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो वैद्यकानं सव्वादोनशे वर्षं विचारला होता. १७६८ मध्ये लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी छातीतल्या त्या गुदमरवणाऱ्या कळेचं वर्णन वाचून दाखवलं आणि तिला ‘अंजायना’ हे नाव दिलं. तेव्हापासून हृदयाचा आजार म्हणजे छातीत कळ, हे समीकरण डॉक्टरांच्या आणि आपल्याही मनात पक्कं बसलं. हिंदी सिनेमातले म्हातारे वडील छाती धरूनच खाली बसतात. पण कळ मेंदूपर्यंत पोहोचवायलाही चेतातंतूच लागतात. निरोप्याच राहिला नाही तर निरोप कोण पोहोचवणार? १९६० च्या दशकापासून डॉक्टर लिहू लागले होते की मधुमेह्यांना झटक्यात दुखणं कमी जाणवतं. १९७७ मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी, वेदनेशिवाय झटका येऊन गेलेल्या मृत मधुमेह्यांची हृदयं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. त्यांतले चेतातंतू बिघडलेले होते. वेदनेशिवाय येणाऱ्या झटक्याला दुसरीही कारणं असतात आणि तो मधुमेह नसलेल्यांनाही येतो, हे खरं. तरी चाचांच्या ‘जरासुद्धा नाही’चा अर्थ मला ते वाचल्यावर लागला.

एकसारख्या नाडीचा अर्थ लागायला मात्र आणखी एक वळण घ्यावं लागतं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयारोपण केलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही ते धाडस केलं; तो रुग्ण काही तासच जगला. आरोपण करताना हृदयाचे चेतातंतू अर्थातच तुटतात. ते जोडता येत नाहीत. असं एकटं पडलेलं हृदय आपल्या अंगच्या चालीनं, मिनिटाला साधारण शंभरच्या आसपास, धडधडत राहतं. श्वासाबरोबर त्याची चाल फारशी बदलत नाही.

१९७३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या व्हीलर आणि वॉटकिन्स या दोघांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा लेख लिहिला. चेतातंतू बिघडलेल्या मधुमेह्यांच्या हृदयाचे ठोके त्यांनी एकेक करून मोजले. निरोगी माणसात श्वासाबरोबर खालीवर होणारी रेघ या रुग्णांमध्ये सपाट होती. शस्त्रक्रिया झालेली नव्हती, सुरी लागलेली नव्हती, तरी साखरेनं हृदयाच्या तारा तोडल्या होत्या. विलिसनं वेगवेगळ्या ग्रंथांत लिहिलेल्या दोन गोष्टी इथे एकत्र आल्या.

पाठोपाठ एडिंबरामध्ये डेव्हिड यूइंग, इयन कॅम्पबेल आणि बॅसिल क्लार्क यांनी या तपासणीला सोपं रूप दिलं. त्यांच्या पाच चाचण्या आजही जगभर वापरल्या जातात. एक, मिनिटाला सहा अशा संथ लयीत खोल श्वास घ्यायचा आणि ठोक्यांमधला फरक पाहायचा. त्यांच्या मोजणीत मिनिटाला १५ ठोक्यांचा किंवा अधिक फरक म्हणजे ठीक, १० किंवा कमी म्हणजे बिघाड. वयानुसार हा फरक मुळातच कमी होत जातो, तेही लक्षात घ्यावं लागतं. दोन, झोपलेल्या माणसानं उभं राहायचं आणि ठोके आधी वेगावून मग सावरतात का ते पाहायचं. तीन, उभं राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो ते मोजायचं. चार, मूठ आवळून धरायची आणि रक्तदाब चढतो का ते बघायचं. पाच, नळीत जोर लावून पंधरा सेकंद फुंकायचं. या फुंकण्याला इटलीच्या व्हाल्सल्वाचं नाव आहे. त्यानं ही युक्ती १७०४ मध्ये कानाच्या आजारासाठी लिहिली होती, ती तीन शतकांनी हृदयाच्या कामी आली. मधुमेहानं डोळ्यांचा पडदा फार खराब झाला असेल तर मात्र ही फुंकण्याची चाचणी टाळतात. यांतल्या कुठल्याही चाचणीला मोठं यंत्र लागत नाही. ईसीजी आणि रक्तदाब मोजायचं साधन असलं की पुरे.

एडिंबराच्या या डॉक्टरांनी ७३ मधुमेह्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता. ज्यांच्या चाचण्या बिघडलेल्या होत्या, त्यांच्यातले निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, पाच वर्षांत दगावले. ज्यांच्या चाचण्या ठीक होत्या, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं. सगळेच हृदयानं गेले असं नाही. बऱ्याच जणांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, काही मृत्यू अचानक आले. हे रुग्ण आधीच खूप आजारी होते आणि नंतरच्या अभ्यासांत प्रमाण इतकं भयंकर दिसलं नाही. पण दिशा तीच राहिली. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘ॲकॉर्ड’ या १०,२५१ टाइप टू रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचं २०१० मध्ये या नजरेनं विश्लेषण झालं. हृदयाच्या चेतातंतूंचा बिघाड असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण दीड ते दोन पट होतं.

याच ‘ॲकॉर्ड’नं दुसराही धडा दिला. साखर अगदी निरोगी माणसाच्या पातळीवर आणायचा जोरदार प्रयत्न ज्या गटात केला, त्यात २५७ मृत्यू झाले; सावकाश चाललेल्या गटात २०३. म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये तो जोरदार उपचार थांबवावा लागला. जुन्या मधुमेह्यानं घाबरून एकदम साखर पाडायला जाऊ नये. हे चेतातंतू बिघडले असतील तर साखर फार उतरल्याची सूचना देणारी धडधड आणि थरथरही नीट जाणवत नाही, हे आणखी एक कारण.

मग करायचं काय? याचं आशादायक उत्तर डेन्मार्कमधून आलं. तिथल्या स्टेनो केंद्रात लघवीतून प्रथिन जाऊ लागलेले १६० टाइप टू रुग्ण निवडले होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिलं. सुमारे आठ वर्षांनी, २००३ मध्ये, निकाल आला. दुसऱ्या गटात या स्वायत्त चेतातंतूंचा बिघाड होण्याचा किंवा वाढण्याचा धोका साठ टक्क्यांहून अधिक कमी झालेला होता. पूर्ण झिजलेला तंतू परत आणणारं औषध आजही नाही. झीज थोपवता मात्र येते, आणि जितक्या लवकर कळेल तितकी अधिक थोपवता येते.

आपल्यासाठी या लवकर शब्दाला फार वजन आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आलं होतं. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, हा आपला भारतीय घाट. म्हणून आपल्याकडे मधुमेह कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. चाळिशीत शुगर निघालेला माणूस साठीला येतो तेव्हा त्याचा मधुमेह वीस वर्षांचा असतो, आणि चेतातंतूंची झीज बरीचशी वर्षांच्या हिशेबानं होते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब कधी उभं करून मोजला गेला असेल?

मला स्वतःला ही तपासणी गेल्या वर्षी डॉक्टरांनी सुचवली. पलंगावर झोपून, छातीला तारा लावून, सहा खोल श्वास. त्या मिनिटात मी आयुष्यात पहिल्यांदा माझा ठोका चुकावा म्हणून मनापासून वाट पाहत होतो. माझा निकाल सीमेवरचा आला. तेव्हापासून संध्याकाळचं चालणं चुकवत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे.

ज्यांच्या घरात जुना मधुमेह आहे त्यांनी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बसल्या जागी नाडी कायम शंभराच्या घरात असेल, अंथरुणातून किंवा पाटावरून उठताना अंधारी येत असेल, थोड्या श्रमानंही पूर्वीपेक्षा फार थकवा येत असेल, तर ते वयावर ढकलू नये. झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. पाण्याची कमतरता आणि काही औषधं यांमुळेही असं होतं, म्हणून गोळ्या मनानं बंद करू नयेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ब १२ जीवनसत्त्वाची तपासणीही करावी, कारण त्याच्या कमतरतेनंही चेतातंतू बिघडतात. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना मधुमेह किती वर्षांचा आहे आणि उभं राहिल्यावर चक्कर येते का, हे न विचारता सांगावं. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं आणि मगच उभं राहावं.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जुन्या मधुमेह्याला अचानक घाम फुटला, दम लागला, कारण नसताना उलटी झाली किंवा एकदम गळून गेल्यासारखं झालं, तर छातीत दुखत नाही म्हणून घरी थांबू नका. त्याच तासाला ईसीजी काढायला न्या. डॉक्टरांनी “छातीत दुखतंय का?” असं विचारलं, तर “नाही” एवढंच सांगून थांबू नका. पुढे हेही सांगा, “साहेब, यांना वीस वर्षांची शुगर आहे.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)